सावधपणा कुणाच्या सोयीचा

फळमाशी झोपली आहे की नुसती बसून आहे, हे ठरवायचा एक सर्वमान्य नियम आहे. सलग ५ मिनिटं हलली नाही, तर झोपली. माशी करंगळीएवढ्या लांब काचेच्या नळीत एकटी असते. नळीच्या एका टोकाला तिचं खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा आणि मधोमध आरपार जाणारा अवरक्त किरण. इकडून तिकडे जाताना माशीने किरण तोडला की संगणकात एक नोंद पडते. ५ मिनिटं नोंद पडलीच नाही, की ती झोप धरायची. आता ती माशी खाण्यात तोंड घालून बसली असेल, पायावर पाय घासत असेल. किरण आहे नळीच्या मध्यावर, त्याला काय कळणार!

नियम वाईट मुळीच नाही. २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की माश्यांची ही स्तब्धता झोपेच्या बहुतेक कसोट्यांना उतरते. त्या अवस्थेत त्यांना हलवायला जास्त जोराचा धक्का लागतो, रात्रभर जागवल्या तर दुसऱ्या दिवशी त्या झोप भरून काढतात, कॅफीन दिलं तर जाग्या राहतात. माझा पीएचडीचा प्रबंध याच नियमावर उभा होता आणि तो नीट उभा राहिलाही. प्रबंधात या नियमाला जागा मिळाली ती कार्यपद्धतीच्या प्रकरणात, एका ओळीची. ओळीच्या शेवटी चार संदर्भ. वाचणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

पुढे मी प्रयोगशाळा सोडली आणि विज्ञानावर लिहायला लागले. हे कसं काय केलंस, असं विचारणाऱ्यांना दोनपैकी एक उत्तर हवं असतं. एक तर प्रयोगांना कंटाळले, किंवा विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवायची तळमळ होती. खरं सांगायचं तर दोन्ही थोडं थोडं होतं, आणि कायमची नोकरी कुठे दिसत नव्हती हेही होतं. पण या बदलात माझ्यापुरती सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती वेगळ्याच ठिकाणी. शंका व्यक्त करायची माझी सवय तीच राहिली, ती कुणासाठी व्यक्त करायची ते बदललं.

संशोधनात आम्हाला सावध लिहायला शिकवतात. 'दाखवतो' लिहिलं की सर त्यावर रेघ मारून 'सूचित करतो' लिहायचे. 'मुळे' खोडून 'शी संबंधित'. पेपर, म्हणजे शोधनिबंध, नियतकालिकाला पाठवण्याआधी तिघे-चौघे बसून प्रत्येक वाक्यात कुठून वार होऊ शकतो ते शोधायचे आणि तिथे एकेक 'बहुधा', 'काही परिस्थितीत', 'अंशतः' बसवायचे. हे शिक्षण मौल्यवान आहे, त्याची टिंगल करायचा माझा हेतू नाही. पण यातला बराचसा सावधपणा निसर्ग गुंतागुंतीचा आहे म्हणून नसतो. पेपर तपासणारा अज्ञात माणूस खवट असू शकतो, म्हणून असतो. वाक्यं चिलखत घालून बाहेर पडतात, कारण लिहिणाऱ्याला लागू नये.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९५३ सालच्या वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएवरच्या पेपरात आहे. पेपर जेमतेम पानभराचा. शेवटाकडे एक वाक्य येतं, त्याचा आशय असा: आम्ही जी जोड्यांची रचना मांडली आहे तिच्यावरून जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता लगेच सुचते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. विनयाचा नमुना म्हणून हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवतात. क्रिक यांनी नंतर त्याची जी हकिकत सांगितली ती मात्र निराळी आहे. त्यांना नकलेबद्दल सविस्तर लिहायचं होतं. वॉटसन यांना अधूनमधून धास्ती वाटायची की रचनाच चुकीची निघाली तर आपलं हसं होईल. शेवटी तडजोड झाली. सविस्तर नको, पण काहीतरी लिहायलाच हवं. नाहीतर दुसरा कुणीतरी ती कल्पना छापून मोकळा होईल आणि या दोघांना ती सुचलीच नाही असं सगळे धरून चालतील. म्हणजे त्या एका वाक्यात चुकण्याची भीतीही आहे आणि श्रेय हातचं जाण्याची भीतीही. वाचणाऱ्याला काय समजेल, हा विचार त्यात कुठेच नाही. असायचं कारणही नव्हतं; वाचणारे त्यांच्यासारखेच होते.

पहिला मोठा लेख मी एका मासिकासाठी लिहिला तो अर्थातच माश्यांच्या झोपेवर. संपादकबाईंचा फोन आला. लेख त्यांच्यासमोर होता आणि त्या एकेक वाक्य मोठ्याने वाचत होत्या, जे ऐकणं कुठल्याही लेखकाला सुखाचं नसतं.

"'झोपेचा अभाव काही परिस्थितीत स्मरणशक्तीवर परिणाम करू शकतो.' करतो की नाही करत?"

"काही परिस्थितीत करतो."

"कुठल्या?"

मी सांगितलं. माश्यांना एक वास आणि त्याबरोबर विजेचा सौम्य झटका द्यायचा, मग त्या तो वास टाळतात का ते पाहायचं, आधी रात्रभर जागवलेल्या माश्या यात कमी पडतात, वगैरे.

"मग हे लिहा ना. 'काही परिस्थितीत' म्हटलंत की मी आपली दाराबाहेर उभी. आणि मला एक सांगा, माशी झोपली हे तुम्हाला कळतं कसं? डोळे मिटते का ती?"

माशीला पापण्या नसतात. मी किरणाची आणि ५ मिनिटांची गोष्ट सांगितली, खाण्यापाशी बसलेल्या माशीचीही सांगितली. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही, मग त्या म्हणाल्या, "अहो, एवढं मजेचं तुम्ही लपवून काय ठेवलंत?"

लपवलं नव्हतं. माझ्या लेखी ते सांगण्यासारखंच नव्हतं. पण त्या फोननंतर मी लेख पुन्हा लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की ५ मिनिटांचा नियम सांगितल्यावर 'कदाचित', 'बहुधा' यांतली निम्मी मंडळी आपोआप गळून पडतात. वाचणाऱ्याला मोजपट्टी दिसली की ती कितपत ताणायची हे तो स्वतः ठरवू शकतो. मोजपट्टी झाकून नुसतं 'असू शकेल' म्हटलं, तर त्याला फक्त एवढंच कळतं की लेखिकेला कुठलीशी अडचण आहे.

दुसरं टोक आहे फुगवण्याचं. प्रयोगशाळेत असताना आमचं ठाम मत होतं की संशोधनाची वाट लावतात ते पत्रकार. आम्ही उंदरांवर काम करावं आणि त्यांनी 'विस्मरणावर औषध सापडलं' म्हणून ठोकून द्यावं. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला एक अभ्यास या मताच्या आड आला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं घेऊन संशोधकांनी ती एकीकडे मूळ पेपरांशी आणि दुसरीकडे छापून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला पेपरातल्यापेक्षा चढा होता. ३३ टक्क्यांत पेपरातल्या 'शी संबंधित'चं 'मुळे' झालं होतं. प्राण्यांवरच्या संशोधनातून माणसांबद्दल फुगवून काढलेले निष्कर्ष होते ३६ टक्क्यांत. पत्रक फुगलेलं असेल तर बातमीही फुगलेली निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. पत्रक सरळ असेल तर बातमीही बऱ्यापैकी सरळ. आणि विद्यापीठाचं पत्रक सहसा संशोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. पेपरात प्रत्येक वाक्याला चिलखत घालणारे आम्हीच, पत्रकात ते उतरवून ठेवायला राजी होतो.

हे मी आतूनही पाहिलं. लेखनावर पोट भरत नव्हतं तेव्हा काही काळ एका संस्थेच्या जनसंपर्क विभागात पत्रकं लिहायचं काम केलं. 'उंदरांमध्ये' हा शब्द मथळ्यातून दुसऱ्या परिच्छेदात आणि तिथून शेवटच्या परिच्छेदात कसा सरकत जातो, ते तिथे बघायला मिळालं. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या हाताने मजकूर जरासा 'वाचनीय' करतो, इतकंच.

आकड्यांचंही तसंच. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं की प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. शिवाय हे मांस तंबाखूच्याच गटात टाकलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण १८ टक्के कशाचे? समजा शंभरातल्या पाच जणांना एरवीही आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर वाढ होऊन ते जेमतेम सहा होतात. आणि तंबाखूचा गट म्हणजे पुरावा तितकाच पक्का आहे एवढंच. धोका तितकाच मोठा आहे असं नव्हे. इथे 'कदाचित' घालून वाचणाऱ्याचं काही भलं होत नाही. त्याला पाच आणि सहा हे आकडे हवेत. मग त्याने मांस खावं की खाऊ नये, ते त्याचं त्याने बघावं.

धंद्याच्या बाकीच्या गोष्टी शिकायला फार वेळ लागत नाही, म्हणून भराभर सांगते. मोठी नियतकालिकं आपले पेपर आधीच पत्रकारांना देतात, अमुक वेळेपर्यंत छापायचं नाही या अटीवर. 'नेचर'चा बांध बुधवारी फुटतो, 'सायन्स'चा गुरुवारी. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दोन दिवसांत जगभर एकच बातमी एकाच वेळी उमटते आणि आपल्याला वाटतं, काय हा योगायोग! संपादकाला 'झोपेवर लिहू का' असं विचारून काही मिळत नाही. झोपेबद्दलचा एक नेमका प्रश्न आणि तो आत्ताच का, हे चार ओळींत सांगावं लागतं. बातमीत पेपराच्या लेखकाखेरीज त्या कामाशी संबंध नसलेल्या निदान एका तज्ज्ञाचं मत हवं. पेपर सारांशापासून वाचायचा नाही, आकृत्या आणि कार्यपद्धती आधी, आणि पैसे कुणी दिले ती बारीक अक्षरातली ओळ विसरायची नाही. पैशांचं म्हणाल, तर मानधन बऱ्याच ठिकाणी लेख छापून आल्यावर मिळतं आणि लेख कधी छापायचा ते आपल्या हातात नसतं. म्हणून पुष्कळ जण नियतकालिकांच्या संपादन विभागात, औषधांविषयीच्या तांत्रिक लेखनात किंवा संस्थांच्या जनसंपर्कात एक पाय ठेवून असतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ज्या संस्थेचा पगार घेतो तिच्यावर बातमी लिहायची नाही.

संशोधन सोडणारा म्हणजे संशोधन न जमलेला, असा एक समज असतो आणि तो सोडणाऱ्याच्या मनातही असतो. मला या बाबतीत अमेरिकी विज्ञानलेखिका रॅचेल कार्सन यांची सुरुवात आठवते. त्या प्राणिशास्त्राच्या. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.ए. झाल्या, प्रबंध मार्जारमीनाच्या (कॅटफिश माशाच्या) भ्रूणातल्या मूत्रपिंडाच्या वाढीवर. पीएचडीला सुरुवात केली होती, पण घरची ओढग्रस्त, १९३४ साली शिक्षण सोडावं लागलं. पुढे अमेरिकी सरकारच्या मत्स्यविभागात समुद्री जीवांवर रेडिओसाठी छोट्या छोट्या संहिता लिहायचं काम मिळालं. एका सरकारी पुस्तिकेसाठी त्यांनी प्रस्तावना लिहिली, ती साहेबांनी परत केली. पुस्तिकेसाठी हे फारच चांगलं आहे, म्हणाले, एखाद्या मोठ्या मासिकाला पाठवा. तो लेख १९३७ साली 'अटलांटिक'मध्ये छापून आला.

पुढे १९६२ साली कीटकनाशकांवरच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने त्यांचं नाव जगभर झालं ते सर्वांना माहीत आहे. त्या पुस्तकात मला जास्त रस वाटतो तो शेवटच्या पानांत. पन्नासाहून जास्त पानं नुसत्या संदर्भांची. पुढची वाक्यं स्वच्छ, कुणालाही समजतील अशी. आणि ज्याला खोडून काढायचं आहे त्याच्यासाठी सगळे पुरावे मागे मांडून ठेवलेले. रसायन उद्योग तुटून पडला, आणि १९६३ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला तो बहुतांशी कार्सन यांच्या बाजूचा. मार्जारमीनाच्या मूत्रपिंडावर घालवलेली वर्षं त्या संदर्भांच्या पानांत दिसतात, असं मला वाटतं. हे अर्थात माझं मत.

प्रयोगशाळेतलं काय आठवतं? रोमांचक क्षण नाही आठवत फारसे. कुमारी माश्या गोळा करणं आठवतं. संकर करायचा तर मादी आधी कुठल्या नराशी जुगलेली नको. २५ अंश तापमानाला कोषातून बाहेर आल्यावर पहिले साधारण ८ तास मादी सुरक्षित, त्यानंतर भरवसा नाही. म्हणून रात्री उशिरा बाटल्या रिकाम्या करायच्या आणि पहाटे हजर व्हायचं. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणून सच्छिद्र पाटीवर ओतायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक बाजूला सारायची. अगदी ताजी मादी फिकट असते, पंख नीट उलगडलेले नसतात, आणि अर्धपारदर्शक पोटातून एक काळसर ठिपका दिसतो. ठिपका दिसला की इकडे, नाही दिसला की तिकडे. बाहेर जग उठत असतं आणि आपण माशीच्या पोटातला ठिपका शोधत असतो.

हे आता मी करत नाही आणि करायची इच्छाही नाही. पण त्याचा उपयोग रोज होतो. एखाद्या पेपरावर लिहिताना मी प्रमुख शास्त्रज्ञांशी बोलते, मग सांगते की ज्याने हातांनी काम केलं त्याच्याशीही बोलायचं आहे. विद्यार्थी फोनवर येतो तो पेपरातलीच वाक्यं पाठ म्हणतो, सगळी चिलखतवाली. मग विचारते, कुमारी माश्यांना पहाटे कोण यायचं? पलीकडे हशा. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं: कुठला प्रयोग तीनदा फसला, कुठली आकृती ऐनवेळी पुरवणीत ढकलली, कुठल्या मोजमापावर त्याचा स्वतःचाच पुरता विश्वास नाही. तो शेवटचा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते. उत्तर द्यायला कुणी नाखूश असतं असं नाही. कुणी विचारलेलंच नसतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा 'नेचर'मध्ये आला. १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या ५ कोटींहून जास्त जोडण्या. थक्क करणारं काम, आणि ते तसं आहे हे लिहिताना मला एकदाही हात आखडता घ्यावासा वाटला नाही. सावधपणा लागला तो दोन ठिकाणी. हा एका माशीचा मेंदू आहे, एका मादीचा. आणि नकाशात कोण कुणाला जोडलेलं आहे ते कळतं, त्या जोडणीतून त्या घटकेला काय चाललं होतं ते कळत नाही. ही दोन वाक्यं ठेवली की बाकी लेखात मोकळेपणाने 'व्वा' म्हणता येतं.

अलीकडे एका लेखासाठी एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांशी बोलले. बोलणं छान झालं आणि शेवटी त्यांनी अपेक्षित वाक्य उच्चारलं: "लेख झाला की पाठवा, मी दुरुस्त करून देतो." ते काय दुरुस्त करतील हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. चार सहकाऱ्यांची नावं वाढली असती, प्रत्येक क्रियापदाच्या शेपटीला 'असू शकते' लागलं असतं, आणि ५ मिनिटांसारखी गोष्ट 'वाचकांना यात रस नसेल' म्हणून गेली असती. मी म्हटलं, "सर, लेख पाठवायची पद्धत नाही. पण तुमच्या तोंडची वाक्यं आणि सगळे आकडे फोनवर वाचून दाखवते."

ते जरा नाराज झाले. वाचून दाखवलं. आकडे बरोबर होते. दोन ठिकाणी 'कदाचित' घाला म्हणाले. पहिल्या ठिकाणी का, असं विचारल्यावर म्हणाले की त्या गटात फक्त अकरा रुग्ण होते. दुसऱ्या ठिकाणी का, तर म्हणाले, नाहीतर अमुक एक जण परिषदेत भेटल्यावर बोलून दाखवेल. पहिल्या वाक्यात मी अकराचा आकडा घातला. दुसरं होतं तसंच ठेवलं.